पावसाळ्याच्या तोंडी बांध, गाळतळी व मातीचे ढीग यांची पाहणी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग सोडला, तर बहुतेक मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, नगर, संगमनेर इत्यादी तालुक्यांतील पुष्कळशा गावांना वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो व तोही सारखा पडत नाही. कित्येक आठवडे आभाळ कोरडे राहते आणि मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात पन्नास मिलिमीटर पाणी कोसळते. हे पाणी अडवावे, त्याबरोबर जाणारी माती थोपवावी व विहिरींना पाझर मिळावा, म्हणून या जिल्ह्यात गेल्या अनेक दशकांत समतल चर, ताली, दगडी बांध, माती नालाबांध, सिमेंट बंधारे, पाझर तलाव व शेततळी यांची कामे फार मोठ्या प्रमाणावर झाली आहेत.

काम पुरे झाले, मोजमापे झाली, देयक मंजूर झाले, की ते काम संपले अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः मातीचे काम त्या दिवशी सुरू होते. माती दबते, भेगाळते, उंदीर-घुशी ती पोखरतात, झुडपांची मुळे तिच्यात शिरतात व गाळ साचून तळ्याची खोली घटते. ह्या सर्व गोष्टी हळूहळू घडत असल्याने त्या नजरेस येत नाहीत. पण एका मोठ्या पावसात त्यांचा परिणाम एकदम दिसतो. म्हणून ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने व नोंद ठेवून केलेली पाहणी हा जलसंधारणाच्या कामाचाच एक भाग समजला पाहिजे.

खाणींवरून मिळालेला धडा

पाण्याचा निचरा, गाळाची तळी व टाकाऊ मातीचे ढीग या तीन गोष्टींची एकत्र पाहणी करण्याची पद्धत कोळशाच्या खाणींवर विशेष काटेकोरपणे पाळावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात कोळसा नाही. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात सास्ती, दुर्गापूर, घुग्घुस इत्यादी ठिकाणी उघड्या खाणी आहेत. तेथे कोळशावरील माती व खडक काढून त्यांचे टेकडीएवढे ढीग रचतात. ढिगावरून येणारे गढूळ पाणी शेतात वा नदीत जाऊ नये म्हणून ढिगाभोवती माळेसारखा चर खणतात आणि त्यातील पाणी तळ्यात निवळू देऊन मग नाल्यात सोडतात. चर, तळे व ढीग यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले, तर उरलेली दोन कामे निरुपयोगी ठरतात.

ह्या दुर्लक्षाची किंमत काही देशांनी फार मोठी दिली आहे. इंग्लंडच्या शेजारील वेल्स प्रांतात ॲबरफान या गावी खाणीच्या मातीचा ढीग डोंगरउतारावर एका झऱ्यावरच रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी पाण्याने फुगलेला तो ढीग घसरून शाळेवर व घरांवर आला. त्यात १४४ माणसे दगावली. त्यांपैकी ११६ मुले होती. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक या ओढ्यावर खाणीच्या टाकाऊ मालाचाच बांध घातलेला होता व जास्तीचे पाणी काढून देण्यास पुरेसा सांडवा नव्हता. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी पावसात तो बांध फुटून १२५ लोक मृत्युमुखी पडले. त्याच्या चारच दिवस आधी पाहणी होऊन बांध समाधानकारक असल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. पाहणी झाली नाही असे तेथे नव्हते. जे पाहावयास हवे होते ते पाहिले गेले नाही.

आपल्या राज्यातही २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटून वस्ती वाहून गेली. धरण गळत असल्याचे ग्रामस्थांनी आधीच कळविले होते. गावच्या नाल्यावरील बांध या धरणांहून पुष्कळच लहान असतात. तथापि त्यांच्या खालच्या अंगासही विहिरी, गोठे, वस्त्या व उभी पिके असतात, आणि माती व पाणी यांचे नियम लहान बांधास वेगळे नाहीत.

पाहणी केव्हा करावी

पाहणीच्या वेळा चार आहेत. पहिली मे महिन्याच्या मध्यास, म्हणजे दुरुस्तीस हाताशी वेळ व कोरडी जमीन असताना. दुसरी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच. तिसरी ऑगस्टच्या अखेरीस. कारण जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो व त्या वेळी तळी आधीच भरलेली असतात. चौथी पाऊस संपल्यावर, गाळ किती साचला हे पाहण्यासाठी. याखेरीज चोवीस तासांत पन्नास मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन यावे.

पाहणी नेहमी वरून खाली करावी. प्रथम माथ्यावरील समतल चर, नंतर ताली व ओघळीतील दगडी बांध, त्यानंतर नालाबांध व शेवटी पाझर तलाव, हा क्रम ठेवावा. वरचा चर फुटला असेल तर खालच्या बांधावर नेहमीपेक्षा जास्त पाणी व गाळ येणार हे त्यामुळे आधीच कळते. बरोबर एक टेप, पाणी भरलेली पारदर्शक नळी, काचेची बाटली, फावडे, खुणेच्या खुंट्या व नोंदवही असावी.

सांडवा

मातीचा बांध पाण्याने फुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पाणी त्याच्या माथ्यावरून जाणे. ते जाऊ नये म्हणून सांडवा असतो. म्हणून पाहणीचा आरंभ सांडव्यापासून करावा.

एक साधा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी पडले. एखाद्या नालाबांधाच्या वर १०० हेक्टरांचे पाणलोट असेल व तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०,००० घनमीटर पाणी पडते. त्यातील निम्मे वाहून नाल्यात आले तरी सरासरीने दर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी सांडव्यावरून जावे लागते. सांडवा १२ मीटर लांब असेल, तर हे पाणी उंबऱ्यावर सुमारे अर्धा मीटर उंचीने वाहते. आता तोच सांडवा बाभळी, गाळ व दगड यांनी निम्मा बुजला आहे असे समजावे. तेवढेच पाणी सहा मीटरांतून जाण्यास त्याची उंची पाऊण मीटरहून अधिक होते. बांधाचा माथा उंबऱ्यापासून पाऊण मीटरच उंच असेल, तर पाणी बांधावरून जाऊ लागते व मातीचा माथा थोड्याच वेळात कापला जातो.

कित्येक गावांत पाणी अधिक साठावे म्हणून सांडव्याच्या उंबऱ्यावर दगड-मातीचा थर घालण्याची रीत आहे. पाण्याची ओढ असलेल्या भागात हा मोह स्वाभाविक आहे. परंतु वाढवून घेतलेले हे हातभर पाणी सबंध तळे गमावण्याचे कारण होऊ शकते, व त्याचा धोका ते पाणी वापरणाऱ्यापेक्षा खालच्या अंगाच्या शेतकऱ्यास अधिक असतो. असा थर आढळल्यास तो काढून टाकावा. साठवण वाढविणे खरोखरच इष्ट असेल, तर बांधाची उंची व सांडव्याची लांबी यांचा विचार करून तांत्रिक अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच ते करावे. सांडव्याच्या शेवटी, जेथे पाणी नाल्यात उतरते तेथे, खड्डा पडून तो मागे सरकत आहे काय, हेही पाहावे. असा खड्डा बांधाच्या दिशेने सरकत असल्यास त्यात मोठे दगड रचून घ्यावेत.

बांधाचा माथा, उतार व पायथा

माथ्यावरून चालत जाताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, माथा मध्यभागी दबला आहे काय. डोळ्याने हे कळत नाही. म्हणून पाण्याच्या नळीने दर दहा मीटरांवर उंची पडताळावी. दबलेल्या जागी मुरूम-मातीचे पातळ थर पाणी मारून व ठोकून घालावेत. दुसरी, भेगा. काळी माती उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. बांधाच्या लांबीस समांतर असलेली भेग उतार घसरू पाहत असल्याचे सुचविते. बांधाला आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग याहून घातक असते. कारण तळे भरताच पाण्यास ती आयती वाट देते. अशी भेग वरवर न लिंपता तळापर्यंत उकरावी व ओलसर माती थराथराने ठोकून भरावी. तिसरी गोष्ट म्हणजे बिळे. उंदीर, घूस, साळिंदर यांची बिळे उकरून त्याच रीतीने भरावीत.

बांधावर झाडे लावू नयेत. झाड वाळले वा तोडले, की त्याची मुळे कुजून आत पोकळ नळ्या तयार होतात. वेडी बाभूळ व इतर झुडपे रोप असतानाच उपटावीत आणि उतारावर मारवेल, पवन्या यांसारखी गवते वाढू द्यावीत. पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर लाटांनी ढासळले असल्यास दगड पुन्हा बसवून घ्यावेत.

सर्वांत काळजीपूर्वक पाहण्याची जागा म्हणजे कोरड्या बाजूचा पायथा. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणे हा दोष नव्हे. झिरपणारे पाणी कसे आहे, हे महत्त्वाचे. काचेच्या बाटलीत ते धरून उजेडात पाहावे. पाणी नितळ असेल व रोज तेवढेच येत असेल, तर त्याची नोंद ठेवावी. पाणी गढूळ असेल, वा नितळ असूनही दिवसेंदिवस वाढत असेल, तर बांधाच्या आतून माती वाहून जात आहे व पोकळी वाढत आहे असे समजावे. अशा वेळी बाहेरून चिखलाने तोंड बंद करण्याचा प्रयत्न करू नये; कारण अडलेले पाणी दुसरीकडून जोराने फुटते. त्या जागेवर प्रथम जाड वाळू, तीवर बारीक खडी व तीवर मोठे दगड असे थर घालावेत. यांतून पाणी निघून जाते, पण माती अडून राहते. हा केवळ तात्पुरता उपाय आहे. त्याच दिवशी मृद व जलसंधारण विभागास व तहसील कार्यालयास कळवावे आणि खालच्या बाजूच्या वस्तीस सावध करावे. रात्रीचा पाऊस संभवत असल्यास सकाळची वाट पाहू नये.

गाळतळी व साचलेला गाळ

वाहते पाणी तळ्यात शिरून संथ झाले, की त्यातील कण तळाशी बसू लागतात. पण सर्व कण सारख्या वेगाने बसत नाहीत. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण सुमारे २ मिनिटांत तळ गाठतो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणास सुमारे ३ तास लागतात, तर ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास दहा-बारा दिवस लागतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात. तळ्याच्या तोंडाशी वाळू व भरड माती साचते. म्हणून तेथे लहानसा खड्डा अथवा दगडी बांध ठेवला, तर तो वरचेवर उपसणे सोपे जाते. दुसरे असे की, काळ्या जमिनीतील बारीक माती कोणत्याही लहान तळ्यात पुरतेपणी थोपविता येत नाही. ती शेतातच, तालीच्या व गवताच्या साहाय्याने अडविली पाहिजे. एक हेक्टरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तरी १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती जाते.

पाझर तलावात हीच बारीक माती तळावर लेपासारखी बसते व पाणी मुरणे मंदावते. तलाव भरलेला दिसतो, परंतु खालच्या विहिरींना पाणी येत नाही, अशी तक्रार आली तर प्रथम तळाचा लेप तपासावा. प्रत्येक तळ्यात फुटांच्या खुणा केलेला एक खांब किंवा दगड पक्का रोवून ठेवावा व उन्हाळ्यात गाळाची पातळी त्यावर पाहावी. मूळ खोलीच्या निम्म्यापर्यंत गाळ चढला, की तो काढण्याचे काम ग्रामसभेपुढे ठेवावे.

गाळ काढताना बांधाच्या पायथ्यापासून पुरेसे अंतर सोडावे व नाल्याच्या मूळ तळाखाली खोल खणू नये. यंत्राने बांधाला लागून खणल्यास बांधाचा आधार जातो आणि पाया उघडा पडून गळती सुरू होते. काढलेला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीवर पसरल्यास तिची ओल धरण्याची शक्ती वाढते. भारी काळ्या जमिनीवर मात्र तो घालण्यात लाभ नाही. गाळ वापरण्यापूर्वी, विशेषतः कालव्याच्या भागात, त्याचा नमुना मृदा तपासणी प्रयोगशाळेत देऊन क्षारांचे प्रमाण पाहून घ्यावे.

मातीचे ढीग

विहीर, शेततळे वा नाला खोलीकरण यांतून निघालेला मुरूम व दगड काठावरच टाकून देणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. पहिल्या पावसात या ढिगातील बराच भाग पुन्हा त्याच खड्ड्यात वा नाल्यात उतरतो. म्हणजे खणण्याचा खर्च तर होतोच, आणि गाळही वाढतो.

ढिगाची जागा निवडताना ॲबरफानचा धडा विसरू नये. पावसाळ्यात जेथे ओल फुटते, हिरवे गवत उन्हाळ्यातही टिकते, किंवा जुनी ओघळ आहे, तेथे ढीग रचू नये. खणलेल्या कडेपासून निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर सोडावे. ढिगाचा उतार दोनास एक, म्हणजे दोन फूट आडवे व एक फूट उभे, याहून उभा नसावा. वरच्या बाजूने येणारे पाणी ढिगात शिरू नये म्हणून तेथे चर काढावा व पायथ्याशी दगडांची ओळ रचावी. वापरात न येणाऱ्या ढिगावर पावसाच्या आरंभी गवताचे बी टाकावे. पाहणीत माथ्यावरील भेगा, फुगलेला पायथा आणि पायथ्यातून येणारे पाणी या तीन खुणा पाहाव्यात. तिन्ही एकत्र आढळल्यास ढिगाखालील माणसे व जनावरे हलवावीत.

कालव्याच्या भागातील चर

प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कोपरगाव या भागांत प्रश्न उलटा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाल्यापासून प्रवरेच्या खोऱ्यात बारमाही पाणी मिळू लागले. परंतु जेथे भारी जमिनीत जास्त पाणी दिले गेले व निचरा राहिला नाही, तेथे जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. येथे पाहणीचा विषय निचऱ्याचे चर हा होय. चरात पाणकणीस व बेशरमी वाढली आहे काय, वाटेसाठी भर घालून चर बुजविला आहे काय, त्याचे पाणी मुख्य नाल्यास मिळते काय, हे पाहावे. शेतात दोन मीटर खोल भोक पाडून त्यातील पाण्याची पातळी महिन्यातून एकदा मोजावी. ती जमिनीपासून दीड मीटरहून वर येऊ लागली, की पिकावर परिणाम दिसण्याची वाट न पाहता चर साफ करावेत व पाण्याच्या पाळ्या आवराव्यात.

नोंद व जबाबदारी

पाहणीचे खरे मोल नोंदीत आहे. ‘बांध ठीक आहे’ एवढे लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच होय. कोणत्या तारखेस, मागील पावसानंतर किती दिवसांनी, सांडव्याची किती लांबी मोकळी आढळली, झिरपणारे पाणी नितळ की गढूळ, गाळखांबावर किती फूट गाळ, आणि दुरुस्ती कोणी, केव्हापर्यंत करावयाची, हे लिहावे. पुढच्या पाहणीत प्रथम मागील पान वाचावे. हिवरे बाजार येथे पावसाचे मोजमाप व पाण्याचा ताळेबंद दरवर्षी मांडून पिकांचे नियोजन होते. बांधांचा ताळेबंदही त्याच वहीत ठेवता येईल.

कामाची देखभाल कोणाची, हा प्रश्न नेहमी निघतो. मोठी दुरुस्ती सरकारी खात्याकडे जाते. परंतु बांधावर रोज पाय पडतो तो शेतकऱ्याचा. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे पाझर तलाव होता, पण गळतीमुळे त्यात पाणी ठरत नव्हते. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी तो दुरुस्त केला व त्याखालील विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. नवा तलाव न बांधता, असलेल्या तलावातील दोष शोधून व तो दूर करून गावास हे पाणी मिळाले.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्यात ग्रामसभेसमोर गावातील सर्व कामांची यादी ठेवावी. प्रत्येक बांधासाठी त्याच्या वरच्या अंगाचा एक व खालच्या अंगाचा एक, असे दोन शेतकरी नेमून घ्यावेत. वरच्यास साठ्याची चिंता असते व खालच्यास फुटीची. दोघे मिळून सांडव्यावर उभे राहिले, तर उंबऱ्यावर दगड किती ठेवावेत याविषयी वाद उरत नाही. त्या दोघांच्या सह्या वहीत असाव्यात व वही पावसाळाभर ग्रामपंचायतीत सर्वांना पाहावयास मिळावी.